लज्जत म्हणायला मनाई

परवा आमच्या गावी, गोरेगावात, बहिणीचं लग्न झालं. मी सोलापूरच्या मिलमधून रजा टाकून गेलो होतो… डोकं अजून ठिकाणावर नाही.

आमच्या घरच्या लग्नाचा काळा मसाला हसनचाचा आणतात. मसाल्याचे व्यापारी, पण आईला बहीण मानतात. रीत अशी, की ते आधी वेगळ्या पुडीतला चिमूटभर मसाला आईच्या तळहातावर ठेवणार. तिनं चाखून "लज्जत हाय" म्हटलं, की मगच पोत्याची गाठ सुटणार.

चव जिभेला लागताच कळते. लज्जत म्हणजे घास गिळल्यावरही जी रेंगाळते ती… हे मला चाचांनीच लहानपणी सांगितलेलं.

परवाही आई चाखून बोलणार, तेवढ्यात नवरदेवाचे मामा मध्ये आले. मास्तर माणूस!

"विहीणबाई, लज्जत शब्द आपला नव्हे. अरबस्तानातला तो. शुभकार्यात शुद्ध बोलावं. रुची म्हणा!"

चाचांचा हात गाठीवरच थांबला. "मसाला ठिवून जातो, बाई," ते हळूच म्हणाले. "जेवायला न्हाई थांबत."

असा संताप आला… पण मी गप्प. सोयरिक बिघडेल ही भीती होतीच. खोटं कशाला बोलू, तेवढंच नव्हतं. मिलमध्ये असल्या शब्दांवरून मला "मोगलाईतला", म्हणजे निजामाच्या मुलखातला, म्हणून चिडवतात. त्या हसण्याला कंटाळून हा शब्द मी कधीच सोडला होता.

आईनं पदराला हात पुसला. "कुठून आला म्हनलात, मास्तर?"

"अरबस्तानातून."

"लई लांबून आला की मग! इतक्या लांबून आलेल्याला कुनी दारातून हाकलतं का?" आणि चाचांकडे वळून, "भाऊ, लज्जत हाय. सोडा गाठ. तुमी पंगतीला न्हाई बसलात, तर माजी पोरगी बोहल्यावर न्हाई चढायची."

मामा नवरदेवाच्या वडिलांकडे बघू लागले.

शेवटी नवरदेवाचे वडीलच हसले. "मामा, बसा आता खाली. काहून उशीर करून राहिले? भूक लागली सगळ्यायला."

चाचांनी गाठ सोडली. डोळे मसाल्यानं झोंबले म्हणाले… असतील.

मामांचा राग आहेच. त्याहून जास्त माझा मला येतो. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या आईनं आपल्या भावासाठी पोरीचं लग्न पणाला लावलं, आणि मी त्यांनीच शिकवलेला शब्द नुसत्या हसण्याला भिऊन टाकला होता.

उद्या कामावर हजर होतोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.