शांताबाईंची बांगडी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातीनं संत्रं सोललं आणि त्या वासासरशी सौंसरची ती सकाळ आठवली. संत्री आकारानुसार निवडणारं, मी बनवत असलेलं यंत्र फळं चेंगरत होतं. निवडणीला येणाऱ्या शांताबाईंनी हातातली बांगडी काढून तिच्यातून एक संत्रं अलगद खाली सोडलं. "साहेब, इतलं लोखंड कायले ठोकून राहिले? गेलं ते लहान, अडलं ते मोठं!"

मी यंत्रात बांगडीसारखीच लहान-मोठी गोल कडी बसवली. यंत्र चाललं, त्यावर माझं घर उभं राहिलं. पेटंटवर नाव मात्र माझं एकट्याचं लागलं.

पुढे हे कबूल करायलाच मोहगावला त्यांच्या घरी गेलो. "मशीन चालून राहिली न?" त्यांनी कौतुकानं विचारलं. मी चहा पिऊन परतलो.

आता त्या नाहीत. शांताबाई, कल्पना तुमची होती. तुमचे फार उपकार आहेत. मला माफ करा.