खळ्यावर पाठ चोळणारा माणूस

अंगात येणं, बाहेरची बाधा असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. शाळेत मास्तरीण होते, मुलांनाही तेच शिकवलं. आजही मानत नाही... तरी लिहिते आहे, कारण हे मी स्वतः पाहिलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही नाकाडोंगरीजवळ राहायचो. माझे यजमान तिथल्या एका मँगनीजच्या खाणीत होते, रेस्क्यू टीममध्ये. एका पावसाळ्यात खाणीचं छत कोसळलं. ह्यांच्या टीमनं काही जणांना जिवंत बाहेर काढलं. सुखदेव नावाचा कामगार मात्र दगडांमागे अडकून राहिला. छत पुन्हा ढासळू लागलं म्हणून साहेबांनी टीमला मागे बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेतच हाती लागलं.

त्यानंतर ह्यांना दमा जडला. जरा धूळ उडाली की छाती भरून यायची. माणसांत बसणं बंद, बोलणंही बंद. तुमसरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की धुळीचा त्रास आहेच, पण ह्यांच्या मनावर काहीतरी ओझं आहे, ह्यांना बोलतं करा. मी परोपरीनं विचारलं... एक शब्द नाही. शेवटी ह्यांनी नोकरी सोडली आणि आम्ही एकोडीला, माझ्या सासरी आलो.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. धानाच्या चुरणीचे, म्हणजे मळणीचे दिवस, भर दुपार. खळ्यावर धूळ असते, जाऊ नका म्हटलं, पण हे गेलेच. मी पाणी घेऊन निघाले तर लांबूनच दिसलं — हे तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगाजवळ गुडघ्यांवर वाकलेले, श्वासासाठी तडफडताहेत आणि मागे बसून एक माणूस त्यांची पाठ चोळतोय. मला वाटलं, धाकटे दीर असतील. ढिगाला वळसा घालून मी पोचले, तर हे एकटेच. श्वास हळूहळू जागेवर येत होता.

"गेला का तो?" ह्यांनी विचारलं.

"कोण?"

"सुखदेव. मांगून पाठ चोळून राहिला होता. म्हणे, हळू हळू श्वास घे, मी आहो इथं."

आणि हे ढसाढसा रडले. छत कोसळलं त्या दिवशी दगडांच्या फटीतून ह्यांनी सुखदेवचा हात धरला होता. तो धुळीनं गुदमरत होता आणि हे त्याला नेमकं हेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. मग मागे फिरायचा हुकूम आला.

"हात मीच सोडला," हे म्हणाले.

दीर तर सकाळीच साकोलीला गेले होते, मजूर जेवायला. ह्यांच्या बनियनवर पाठभर काळे डाग होते. धानाची धूळ पिवळट असते. हा काळा रंग मी खाणीच्या कपड्यांतून वर्षानुवर्षं धुतला होता. एकोडीत तो कुठून येणार?

चुरणी आटोपल्यावर आम्ही सुखदेवच्या बायकोकडे गेलो. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतके वर्स मले वाटे का तो अंधारात एकटाच गेला. एकटा नोहता तर."

दमा काही गेला नाही, पण हे पुन्हा माणसांत बसू लागले. पुढे मी डॉक्टरांना सारं सांगितलं. ते म्हणाले, श्वास कोंडला की माणसाला भास होतात. ह्यांना झालाही असेल...

पण माझा श्वास तर नीट चालू होता.