सरांचा लॅपटॉप काळा पडला तेव्हा

“घाई न्हाई मॅडम, सावकाश करा,” अविनाश म्हणाला आणि लॅपटॉपची बॅग काउंटरवर ठेवून निघालासुद्धा.

मी बॅग उघडली. लॅपटॉप लगेच ओळखला. परभणीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. हे मशीन मीच तयार करून जवळच्या मानवत गावी दिलं होतं, अविनाशच्या वडिलांसाठी, म्हणजे कदम सरांसाठी. सर शाळेत गणित शिकवायचे. स्नायूंच्या आजारानं आधी त्यांचे हातपाय गेले, मग वाचा गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाखाली माउस आणि पडद्यावर मराठी कीबोर्ड. सर एकेक अक्षर निवडायचे. वाक्य झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं वाचायचा. मशीन जुनं, विंडोज त्यावर रांगायची, म्हणून मी विंडोजच्या जागी हलकं लिनक्स बसवलं होतं.

मी अविनाशला दारातून परत बोलावलं. “हा सरांचा ना? मग सर बोलतात कशानं?”

“सध्या न्हाई बोलत. डोळ्यानं करतेत इशारे.”

“कधीपासून बंद आहे?”

“झाले असतील आठ-दहा दिवस. आडतीच्या दुकानावर कापूस यायलाय, सवड कुठंय? सारखी ती अपग्रेडची पाटी यायची स्क्रीनवर. मी दाबलं एकदाचं. तासभर झाला तरी संपंना, मग बंद केला. तेव्हापासून काळाच.”

“थांबा. आत्ताच बघते.”

तो नाइलाजानं स्टुलावर बसला आणि फोन काढून कुणाशी तरी कापसाच्या भावाचं बोलू लागला.

मी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, मग काळा पडदा. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. लोकांना वाटतं मशीन मेलं. पण रेघ लुकलुकते आहे म्हणजे मशीन जिवंत आहे, त्याला फक्त चित्र काढता येत नाही. लिनक्समध्ये अशा वेळी एक मागचा दरवाजा असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबायचं. नुसत्या अक्षरांचा पडदा येतो. चित्र नाही, माउस नाही. तुम्ही हुकूम टाइप करायचा, मशीन उत्तर देतं.

तो पडदा आला. पासवर्ड टाकला, आत गेले. सरांच्या फाइली जागेवर होत्या.

“डेटा आहे,” मी म्हणाले.

“डेटा काय करायचाय,” अविनाश फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला.

अपग्रेड अर्ध्यात तुटलं होतं. निम्मं सामान जुनं, निम्मं नवं. मोबाइल वायरीनं जोडून इंटरनेट दिलं आणि अडकलेलं काम आधी पुरं करून घेतलं. त्याला बराच वेळ गेला. पुन्हा चालू केलं. पुन्हा काळा.

मग ड्रायव्हर बघितला. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स यांच्यातला दुभाष्या. सरांचं कार्ड इतकं जुनं की नव्या आवृत्तीनं त्याचा दुभाष्या काढूनच टाकला होता. पण त्याचे हुकूम मात्र मागे राहिले होते, आणि ते दुसऱ्या कुणाला काम करू देत नव्हते. मी ते सगळं साफ केलं. लिनक्सकडे स्वतःचा एक साधा दुभाष्या असतो, त्याला काम दिलं. परत चालू केलं. पडदा उजळला.

मग मी मानवतला सरांच्या घरी फोन लावला. अविनाशच्या बायकोनं, रेखानं उचलला.

“सर कसे आहेत?”

“हायेत की. शांत हायेत,” ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, “आधी कण्हायचे लय. आता न्हाई.”

मी कामाला लागले, कारण पडदा आला तरी कीबोर्ड चालेना. बटणं दिसत होती. दाबली की अक्षर उमटत नव्हतं. नव्या आवृत्तीनं पडदा रंगवायची पद्धतच बदलली होती, आणि सरांचा कीबोर्ड जुन्या पद्धतीवर चालणारा. लॉगिनच्या ठिकाणी एक छोटं चक्र असतं, तिथं जुनी पद्धत निवडता येते. निवडली. ‘नमस्कार’ लिहिलं. लॅपटॉप बोलला.

अविनाशनं दचकून वर बघितलं.

“चला, मीही येते,” मी म्हणाले. “माउसचा वेग सरांच्या बोटाप्रमाणं लावावा लागेल.”

“तुमाला कशाला त्रास? मी सांगतो की त्यांना.”

“काय सांगणार?”

त्यानं गाडीची चावी काढली. आम्ही त्याच्या गाडीतून मानवतला गेलो.

सर उताणे पडले होते. स्वच्छ बनियन, पावडर लावलेली. मला बघून डोळे मोठे झाले. मी पलंगावरचं टेबल ओढलं, लॅपटॉप ठेवला, बोटाखाली माउस सरकवला. बोट आधीपेक्षा सावकाश हलत होतं. वेग कमी केला, आणखी कमी केला. रेखा पदर धरून पायथ्याशी उभी होती. एकेक अक्षर येत गेलं.

लॅपटॉपनं त्याच्या सपाट आवाजात वाचलं, “कमरेखाली जखम आहे. कूस बदला.”

रेखानं आणि मी मिळून त्यांना वळवलं. चादर चिकटली होती. सुटताना वास आला. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, कडेनं काळी, मधे खोल.

रेखा खालीच बसली. “मी रोज पुसायची हो. पुढूनच पुसायची. वळवायला एकटीला उचलंना. कण्हायचे तर आमाला वाटलं, लॅपटॉपसाठी हट्ट करायलेत.”

अविनाशचा चेहरा लाल झाला. “एवढं दुखत होतं तर डोळ्यानं सांगायचं ना, बापू.”

सरांना आम्ही कुशीवर ठेवलं होतं. मी माउस पुन्हा बोटाखाली दिला.

“सांगत होतो,” लॅपटॉप म्हणाला.

त्याच दिवशी त्यांना परभणीच्या दवाखान्यात हलवलं. मी दोनदा भेटून आले. लॅपटॉप उशाशी असायचा, पण सरांनी फार काही लिहिलं नाही. एकदा ‘पाणी’ लिहिलं, एकदा रेखाला ‘घरी जा, झोप’. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. दिवाळीच्या आत सर गेले.

पुढं काही दिवसांनी अविनाश तीच बॅग घेऊन दुकानात आला. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, जखमेमुळंच गेले असं न्हाई. आजारच तसा होता.”

“हं,” मी म्हणाले.

“सगळं काढून टाका यातलं. आडतीवर बिलं करायला होईल.”

“सरांनी लिहिलेलं आहे यात. पेनड्राइव्हवर देऊ?”

त्यानं विचार केला. खरंच केला, तेवढं मी सांगते. मग म्हणाला, “नको.”

मी फॉरमॅट केला. त्याचा लॅपटॉप, त्याचा निर्णय.

आता कुणाला बोलण्यासाठी असं मशीन देते, तेव्हा अपग्रेडची सूचना बंद करूनच देते. शिवाय घरच्यांना सांगते, मशीन बिघडलं तर दुरुस्त होईपर्यंत माणसाला जास्त वेळा वळवून बघत जा. पहिली सेटिंग टिकते. दुसरी टिकते का, ते मला सांगता येत नाही.