सुस्काऱ्यांची गाणी

धनजच्या फाट्यावर मूर्तिजापूरची एस.टी. थांबली तेव्हा माझ्या उजव्या कानात कापसाचा बोळा होता आणि तो लाल झाला होता. बोळा दिसू नये म्हणून आईनं माझा पदर डोक्यावरून पुढं ओढून दिला होता. देविदासदादा, माझा थोरला भाऊ, उजवा हात गळ्यात बांधून बाजूला उभा होता. बाप आला नव्हता. आई म्हणाली, "तिकडं कोनी इचारलं तं पडली म्हन."

"मी पडली नाही," मी म्हटलं.

तिनं मला बसमध्ये ढकललं. खरंच ढकललं, दोन्ही हातांनी, पाठीत. ती रडत बसली असती तर मी गेले नसते, हे तिला पक्कं माहीत होतं.

गावात राहिलेल्या तुमच्यातल्या पुष्कळांनी ही गोष्ट वेगळी ऐकली आहे. सुमी पळून गेली, ऑर्केस्ट्रावाल्याचा हात धरून गेली, असं. माझ्यासारखेच जे गाव सोडून पुण्याला, नागपूरला, कुठंकुठं गेले, त्यांनीही तेच ऐकलं. म्हणून आता लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. वाशिम जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. बाप कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होता आणि भीमजयंतीला, लग्नाला गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचा. पेटी त्याची, ढोलकी दादाची, कोरसात मी. बापाचा आवाज असा, की समोरची माणसं पाठ ताठ करून बसायची. दादा दिवसा कारंज्यात एका जैन शेटच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा आणि लाऊडस्पीकर भाड्यानं लावायचा. दुरुस्त झालेला रेडिओ नीट चालतो का, हे बघायला तो कधीकधी घरी आणायचा. त्या रेडिओवर मी पहिल्यांदा ती गाणी ऐकली. शब्द कमी, श्वास जास्त. बाई मध्येच गाणं सोडून नुसता सुस्कारा टाकायची, हसायची, आवाज इतका खाली आणायची की आपण आपोआप पुढं झुकावं. मला ते वाईट वाटलं नाही. आपल्याच अंगातून कुणीतरी बोलतंय, असं वाटलं. विहिरीवर, वावरात, एकटी असले की मी तो सुस्कारा घोटायची. सूर धरणं सोपं होतं. सूर सोडून द्यायचा आणि तरी तो हरवू द्यायचा नाही, हे अवघड.

कारंज्याच्या बाजारात जत्रेसाठी अमरावतीकडचा एक ऑर्केस्ट्रा आला होता. स्पीकर दादाचे. त्यांची गाणारी बाई तापानं फणफणली आणि मालक डोकं धरून बसला. दादा म्हणाला, "माही बहीन गाते." दिवेलागणीला मी स्टेजवर उभी राहिले. पहिलं गाणं भक्तीचं, दुसरं पाळण्याचं. मग लोक ओरडायला लागले, तसलं म्हणा, तसलं! मालकानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मला ते म्हणायचंच होतं. कोणी जबरदस्ती केली नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

पहिल्या सुस्काऱ्याला मैदान गप्प झालं. दुसऱ्याला शिट्ट्या. मग ट्रॅक्टरवाल्या एका बड्या घरचा माणूस, पांढऱ्या कपड्यातला, स्टेजवर चढला. दहाची नोट त्यानं आधी माझ्या तोंडावरून फिरवली. लोक हसले. मग त्यानं माझं मनगट धरलं आणि नोट पोलक्यात खुपसली. म्हणाला, "गाय ना वं, मले पाहून गाय."

तेव्हाचे माईक लोखंडी जाळीचे, जड. मी तो दांड्यावरून काढला आणि त्याच्या तोंडावर हाणला. स्पीकरमधून ढाण्ण असा आवाज झाला. त्याच्या ओठातून रक्त आलं, पुढचा दात पडला. मी दुसऱ्यांदा हाणला. तोवर त्याची माणसं वर चढली होती. खुर्च्या उडाल्या, ट्यूबलाइट फुटल्या. दादा मध्ये पडला. त्याला त्यांनी खाली ओढला आणि मांडवाच्या लोखंडी नळीनं त्याच्या उजव्या हातावर घाव घातले. त्याची बोटं मोडली तो आवाज मी ऐकला. ढोलकीचा हात होता तो. त्याच्या दुकानातल्या लोकांनी आम्हाला मागच्या गल्लीनं काढलं, नाहीतर मी हे लिहायला उरले नसते.

घरी बाप दारातच उभा होता. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यानं दादाच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय गायली तू?"

मी सांगितलं.

त्यानं जी मारली ती उघड्या हातानं, पण जिनात गाठी उचलणारा हात तो. मी चुलीजवळ पडले. त्यानं उठवून परत मारली. "आपल्या आज्या-पनज्यांले लोकायपुढं नाचा लागे," तो ओरडत होता, "अन् ते सोडून आपन मानूस झालो! तू पुन्हा त्याइच्यापुढं सुस्कारे टाकतं?" मी म्हटलं, "माह्या मनानं टाकले." तेव्हा कानावर बसली. आत काहीतरी फाटलं आणि त्याचं पुढचं ओरडणं मला एकाच बाजूनं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून माणसं वस्तीत आली. हातात काठ्या, सोबत रॉकेलचा डबा. मागणी एकच: पोरीला चौकात आणा, तिला नाक घासायला लावा. बाप कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. मी भिंतीच्या फटीतून बघत होते.

"पोट्टीले माराचं होतं ते मी मारलं," तो म्हणाला. "तिचं नाक जमिनीले लागनार नाही. ज्याले पुढं यायचं त्यानं या."

एकजण आला. बापानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला, तो माणूस खांदा धरून खाली बसला. मग वस्तीतली सगळी माणसं बाहेर आली, बायका दगड घेऊन आल्या. जाता जाता ट्रॅक्टरवाल्यांनी आमचा गोठा पेटवला. शेळी आत होती. तिचं ओरडणं ऐकत बाप कुऱ्हाड धरून दारात तसाच उभा राहिला, कारण दार सोडलं असतं तर ते माझ्यापर्यंत आले असते.

त्यानंच सकाळी आईला सांगितलं, हिला मावशीकडं पाठव. कान फोडणारा आणि कुऱ्हाड धरणारा हात एकच होता. त्यातली एक गोष्ट दुसरीनं फिटत नाही. मी दोन्ही तशाच ठेवल्या आहेत.

मावशी पुण्याला खडकीत राहायची, मावसकाका कारखान्यात होते. कामगारांच्या खोल्यांच्या त्या लाइनीत एकाच घरी टीव्ही होता. आठवड्यातून एका रात्री सिनेमाची गाणी लागायची, आणि अख्खी लाइन त्या खोलीत मावायची. मी प्रथमच ते सुस्कारे टाकणारी शरीरं बघितली. भिजलेली साडी, उघडी पाठ, नटाच्या शर्टाच्या बटनाशी खेळणारी बोटं. पुरुष एकटक बघायचे, बायका पदराआडून. कुणी कुणाकडं वळून बघायचं नाही. एकदा कार्यक्रम संपून आम्ही घरी आलो, तर शेजारची वहिनी भांडी घासताना तेच गाणं गुणगुणत होती. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पट्ट्याचा आवाज आला. "कुणासाठी गातीस? सांग, कुणासाठी?" तिचा हा नवरा तासाभरापूर्वी माझ्या पुढंच बसून तोंड उघडं टाकून बघत होता. मावशीनं खिडकी लावून घेतली. मी बाहेर जाऊन त्यांचं दार पाटीनं, दगडानं, हाताला लागेल त्यानं बडवलं. दार उघडलं नाही, पण पट्टा थांबला. मावशी म्हणाली, "तू इथं राहायला आलीस का मरायला?"

त्याच वर्षी मी ऑर्केस्ट्रात गेले. तसलीच गाणी मागून घेतली. वादक मी माझ्या डाव्या बाजूला बसवायची, कारण उजवीकडचं मला ऐकू येत नाही. सभ्य घरच्या मुली ती गाणी घ्यायच्या नाहीत, त्यामुळं मला काम कमी पडलं नाही. सोड्याच्या बाटल्या अंगावर आल्या. कपाळावर त्यातल्या एकीची खूण आहे. स्टेजवर मी पुण्याची भाषा बोलायची, पण कुणी हात लावायला आला की तोंडातून आपलंच निघायचं: "हात काढ बे, तोडून टाकीन!" ड्रमवाला हसायचा. त्याच्याशीच पुढं लग्न केलं.

काही वर्षांनी दादाच्या लग्नाला मी धनजला आले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लाऊडस्पीकरवर रेकॉर्डी लागल्या. त्यात एक नवं गाणं होतं, अगदी उघड, शरीराची भूक सांगणारं. गावातल्या काकाची मुलगी शांता, नुकतंच लग्न ठरलेली, मांडवात नाचायला लागली. डोळे मिटून, कमरेतून, एकटीच. बायका हसणं विसरल्या. काका काठी घेऊन धावला आणि तिच्या पाठीत एक बसली. दुसरी मी अंगावर घेतली. तेवढ्यात बापानं जाऊन सुई उचलली.

मी शांतेचा हात धरला आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून उचललं. माईक नाही, वाजप नाही. बापाच्या डोळ्यांत बघत मी गायले. सुस्काऱ्याच्या जागी सुस्कारा टाकला, एकही गाळला नाही. काकानं पितळी तांब्या फेकला, तो माझ्या दंडाला लागला. मग शांतेनं पुन्हा पाय उचलला.

बाप रेकॉर्डच्या पेटीपाशी उभा होता. गाणं संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. ना त्यानं मला थांबवलं, ना कौतुक केलं. शेवटी काकाला एवढंच म्हणाला, "काठी ठेव. झालं तिचं गाऊन."

बाप गेला त्यालाही आता किती वर्षं झाली. माझ्या पुण्याच्या घरी रात्री उशिरा नात टीव्हीवर काय काय बघते, आणि मला बघून आवाजही कमी करत नाही. लोक विचारतात, गावाची आठवण येते का? तांब्यानं दंड काळानिळा पडला, पण त्या मांडवातून मला हाकलून द्यायला त्या दिवशी कुणी उठलं नाही. गाव माझं झालं ते त्या दिवसापासून. त्याआधी मी तिथं नुसती जन्मले होते.