शेपटीकडचे खवले

मासा तो मासा, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणारा शाकाहारी असता तर मी सोडूनही दिलं असतं. पण पनवेलमध्ये जन्म काढलेल्या आणि दर रविवारी मासळी बाजारातला चिखल तुडवणाऱ्या माणसाने असं म्हणावं? बांगडा घेताना याला डोळा बघायचा असतो, बोंबील याच्या घरी दाबून ठेवल्याशिवाय तळत नाहीत, खाडीचा जिताडा मिळाला की हा आधी जावयाला फोन करतो. अशा माणसाने आमच्या काकींना काय खायला घातलं, ते सांगते.

काकी माझ्या शेजारच्या. ज्यू, पण आमच्याइतक्याच कोकणातल्या, मराठीत भांडणाऱ्या आणि मराठीतच हिशेब करणाऱ्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. काका गेले, मुलगा इस्रायलमध्ये स्थिरावला, आणि दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मुलाने हट्टच धरला, की आता कायमचं इकडे या.

काकींच्या धर्माचा खाण्याचा नियम साधा होता. ज्या माशाला पोहायचे पर आणि अंगावर खवले, तोच खायचा. रावस, पापलेट, बोय, जिताडा चालायचे. कोळंबी, चिंबोरी, मुशी, वाम, शिंगाळा बाद. आमच्याकडे कोळंबीचं कालवण शिजत असलं की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वास फार छान येतोय ग, मेल्यांनो." पण चमचाभर चाखलं नाही कधी. त्यांचे मासे गेली काही वर्षं मीच आणायचे. तेव्हाही एक अट होती. मासा साफ केला तरी शेपटीकडच्या तुकड्यावर हातभर नाही, बोटभर तरी खवले राहू द्यायचे. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मासा त्यांच्या पातेल्यात जात नसे. करंज्याहून टोपली घेऊन येणाऱ्या आमच्या कोळीण मावशीला हे पाठ झालं होतं. "तुज्या काकीचा हाय ना? शेपटीचे खवले नाय काढत, बग," म्हणत ती तुकडा माझ्या नाकासमोर धरायची.

काकी जाणार म्हणून इमारतीने त्यांना जेवण द्यायचं ठरवलं. हायवेलगत नवं हॉटेल झालंय, तिथे. व्यवस्था सोसायटीच्या सेक्रेटरींनी अंगावर घेतली. हे गृहस्थ आमच्याच मजल्यावर राहतात, पुढे होऊन काम करण्याची त्यांना भारी हौस. तरी मी स्वतः हॉटेलात जाऊन मॅनेजरला सांगून आले होते: तळलेला रावस, कातडीसकट, शेपटीकडचे खवले ठेवून. कारणही सांगितलं. "टेन्शनच नका घेऊ मॅडम," तो म्हणाला. मीही काकींना सांगून टाकलं, मी बोलून आलेय, निर्धास्त जेवा. मॅडमनी टेन्शन घ्यायला हवं होतं, हे मॅडमना नंतर कळलं.

रविवारी दुपारी सगळे जमलो. काकी नव्या साडीत, मधोमध बसलेल्या. मी खाली रिक्षातून येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना जिना चढवून आणत होते, तेवढ्यात इकडे ताटं आली. मी येऊन बसले, तुकडा तोंडात घातला आणि थांबले. रावस बोटाने मोडला की त्याच्या पाकळ्या सुटतात, आणि त्याला स्वतःची चव असते. हे पांढरं, मऊ, ओल्या पावासारखं काहीतरी होतं. सगळ्यांच्या ताटात एकाच मापाचे चौकोनी तुकडे. कातडी नाही, काटा नाही, शेपटी नाही. मी काकींच्या ताटाकडे बघितलं. एक तुकडा संपला होता, दुसरा अर्धा. शेजारी सेक्रेटरी त्यांना आग्रह करत होते, "घ्या काकी, शंभर टक्के रावस."

मी उठून मॅनेजरला गाठलं. तो हसला. बासा आहे म्हणाला. रावस आला नाही मॅडम, आजकाल सगळे हाच देतात, काटा नाही, वास नाही, कस्टमर खूश. बासा म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या जातीचा मासा. अंगावर खवला नाही. बर्फातून सोललेला येतो आणि नाव सांगाल त्या नावाने खपतो. मी आवाज चढवला तसा त्याने हात वर केले.

"सकाळी सरांना फोन केला होता. ते बोलले, चालेल."

सर म्हणजे आमचे सेक्रेटरी.

मी त्यांना बाजूला ओढलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. "अहो वहिनी, मासा तो मासा. आता खाऊन झालंय. सांगून काय मिळणार? बिचारी आनंदात जातेय, जाऊ दे." आणखी तिघीचौघी भोवती आल्या. त्याही तेच. पोटात गेलं ते गेलं. वय झालंय. कशाला उगाच जिवाला लावून घेईल. इतक्या मायेने बोलत होत्या सगळ्या की मला एकेकीच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. ज्या बाईने आयुष्यभर न बघितलेला मासा तोंडात घातला नाही, तिला फसवून भरवायचं, आणि वर तिच्या भल्यासाठी गप्प बसायचं! हीच माणसं उपासाच्या साबुदाण्यात चुकून हळद पडली तर पातेलं ओतून देतात.

मी काकींजवळ गेले आणि सांगितलं. रावस नव्हता, बासा होता, खवले नसतात त्याला.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून हात धुतले, चूळ भरली, परत येऊन खुर्चीवर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

सेक्रेटरी पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाले. काकींनी तो घेतला नाही.

"तुझ्या आईची एकादशी असली की मी तवा तापवत नव्हते," काकी म्हणाल्या. "अख्खा श्रावण माझ्या घरातून मासळीचा वास आला कधी? मला कुणी सांगितलं होतं का रे? मी होऊन करत होते. आणि तू मला न सांगता विमानात बसवणार होतास."

जेवण तिथेच संपलं. घरी परतताना दोघी बायका मला म्हणाल्या, काय गरज होती, सगळ्याचा विचका केलास. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकींना विमानतळावर न्यायला गाडी येणार होती. मी सकाळीच बाजार गाठला. खाडीचा जिताडा आता रोज मिळत नाही. भराव टाकून टाकून त्याची जागाच गेलीय. त्या दिवशी मावशीकडे एक होता. तिने कोयता उचलला, मी म्हटलं, नको, अख्खाच दे.

काकींचं घर रिकामं झालं होतं. एक शेगडी, एक टोप, एक सुरी, एक पाट आणि दोन ताटल्या तेवढ्या राहिल्या होत्या. मासा बघून त्यांनी आधी अंगठा शेपटीपासून डोक्याकडे उलटा फिरवला. करकर आवाज आला. मग पाटावर बसता येत नव्हतं म्हणून ओट्याशी उभ्या राहिल्या आणि सुरीच्या पाठीने खवले काढायला लागल्या. मी करते म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या. खवले भिंतीवर, ओट्यावर, त्यांच्या केसांत उडाले. इतक्या रागाने मासा साफ करताना मी कुणाला बघितलं नाही.

मध्येच बेल वाजली. मी दाराच्या भोकातून बघितलं, सेक्रेटरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. काकींनी हात न थांबवता आतूनच सांगितलं, "माझे हात खवल्यांनी भरलेत. दार उघडता येणार नाही." ते थोडा वेळ थांबले आणि गेले.

नारळाच्या दुधातलं कालवण झालं. आम्ही दोघी जेवलो. शेपटीचा तुकडा त्यांनी खवल्यांसकट ठेवला होता, तो सवयीने ताटलीच्या कडेला.

संध्याकाळी गाडी आली. इमारतीतले बरेच जण खाली उतरले होते. काकींनी सगळ्यांना हात केला, सेक्रेटरी सोडून. गाडीत बसताना त्यांनी काच खाली करून माझा हात धरला, आणि तेव्हा मला दिसलं, त्यांच्या बांगडीच्या वर, मनगटाला नखाएवढा एक खवला चिकटून राहिला होता. उन्हात चमकत होता.

ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.