शेपटीवर उभा मासा

स्टेनवोरनं बुद्धिबळाचे नवेकोरे पट वर्षअखेरच्या शेकोटीत घातले ते स्काप्टीच्या पायी, अशी आमच्या गावात कुजबुज होती. तरुणपणी दोघांचं ठरलं होतं म्हणे, आणि स्काप्टीनं ऐनवेळी राजधानीतली बायको केली. ही बातमी जन्मली पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात. आमच्या स्कार्फाविकमध्ये सगळ्याच बातम्या तिथं जन्मतात. गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसलेल्या माणसाला तोंडाखेरीज दुसरं काही हलवावंसं वाटत नाही.

स्टेनवोर त्याच तलावावर राखण करी. आंघोळ न करता पाण्यात उतरणारा तिला कोरड्या केसांवरून ओळखू येई. आमच्या देशात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही; खलाशी असो की पाद्री, ती काठावरून सगळ्यांदेखत सांगे, "परत जा. साबण लाव. काखेतसुद्धा." असल्या बाईवर कोण प्रेम करणार, हा प्रश्न कुंडात कुणाला पडला नाही.

गुरुवारी दुपारी ती शाळेच्या जेवणघरात मुलांना बुद्धिबळ शिकवी. टेबलांना माशाच्या रश्श्याचा वास, पट लाकडी आणि झिजलेले. पहिला धडा ठरलेला: "उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर. ते चुकलं की पुढचं सगळं चुकलं." तिची सगळी मदार ह्रेफ्नावर होती. ही बोटीच्या मेकॅनिकची मुलगी, दहा वर्षांची, विचार करताना लोकरी हातमोजा चावायची. मोजा ओला झाला की समोरच्याचं काही खरं नसे. हिला राजधानीतल्या शालेय अंतिम फेरीत बसलेली पाहायचं, एवढंच स्टेनवोरला हवं होतं. इतर बायांना सून हवी असते, नातू हवा असतो.

आणि एका शरदात देशाच्या शालेय बुद्धिबळ मंडळाचा अध्यक्ष स्काप्टी गावात आला. बुद्धिबळाचा प्रसार करणारी माणसं मी बरीच पाहिली. खेळताना त्यांतलं एखादंच दिसलं. स्काप्टीनं फोटोवाला आणला होता, केक आणला होता, आणि 'प्रत्येक मुलापुढे पट' असं लिहिलेलं लांबलचक कापड. पट चकचकीत, प्लास्टिक चढवलेले. खेळाडूंसमोरच्या दोन्ही काठांवर हसरा मासा, आणि त्याखाली माशाच्या तेलाच्या कंपनीचं नाव.

स्टेनवोरनं एक पट मांडला. मासा खेळाडूपुढे सरळ, पण उजव्या कोपऱ्यात काळं घर. तिनं पट फिरवला. पांढरं घर जागेवर आलं आणि मासा कडेला जाऊन शेपटीवर उभा राहिला.

"स्टेनवोर, मासा बघ की," स्काप्टी म्हणाला.

"बघितला. मेलेला आहे. त्याला चालेल."

"अगं, कंपनीचं नाव फोटोत वाचता आलं पाहिजे."

"मग कॅमेरा आडवा धर."

"लहान मुलं ही. त्यांना काय फरक पडतो?" मग त्यानं आवाज खाली आणला. "जी शाळा हे पट वापरेल तिलाच अंतिम फेरीत जागा. मासा सरळ ठेवून."

स्टेनवोरनं ह्रेफ्नाकडे पाहिलं आणि पट पुन्हा फिरवला. तो फोटो अजून शाळेत आहे. सगळी मुलं हसताहेत, आणि स्टेनवोरचा चेहरा नासकं दूध प्यायल्यासारखा.

संध्याकाळी स्काप्टी आमच्या कुंडात उतरला. केस कोरडे, त्यांतलं सुगंधी तेल पाण्यावर तरंगायला लागलेलं. आम्ही सगळे हनुवट्या वर करून दुसऱ्या काठाला सरकलो.

"स्काप्टी, बाहेर ये," स्टेनवोर म्हणाली. "अंग धुऊन ये."

"मी हॉटेलात धुतलं."

"पांढरं घरही तू हॉटेलातच ठेवून आला असशील. ये बाहेर."

देशभर प्रसार करणारा तो माणूस चड्डीवर थरथरत परत गेला. माझ्याशेजारी बसलेला गीस्ली डोळे मिचकावत म्हणाला, "इतका राग प्रेमाशिवाय येतो होय?" झालं. बातमी जन्मली, ती अशी.

अंतिम फेरी दूरदर्शनवर दाखवली. पहिल्या टेबलावर आमची ह्रेफ्ना, पुढ्यात सरळ मासा. वजीर आपल्या रंगावर ठेवायचा हे मुलांना पाठ असतं. पट उलटा असला की वजीर राजाच्या जागी जातो, आणि सगळा डाव आरशात बघून शिवण घालावी तसा होतो. ह्रेफ्नानं मुकाट्यानं पट फिरवला. स्काप्टीनं तो परत फिरवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला, "पोरीला अजून पट मांडता येत नाही. म्हणून तर आपलं मंडळ हवं."

सभागृह हसलं. आमच्या गावातही हसले, गीस्ली तर पोट धरून. ह्रेफ्ना हरली. तिचा मोजा शेवटपर्यंत कोरडाच होता.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लहान मुलं मात्र येत राहिली आणि काळं घर उजवीकडे ठेवत राहिली. मासा सरळ दिसतो ना, म्हणायची.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं गाव शेकोटीभोवती गाणी म्हणत होतं. स्टेनवोर घसरगाडीवर पटांचा ढीग ओढत आली. वाटेत ती ह्रेफ्नाच्या दारी थांबली होती. पोरगी एकेक पट हातात देत होती, ही जाळात टाकत होती. हसरे मासे फुगले, फुटले. काळा, तेलकट, घशाला चिकटणारा धूर उठला आणि गाव खोकत घरी पळालं. माझ्या कोटाचा तो वास ईस्टरपर्यंत गेला नाही. स्काप्टीच्या मंडळानं आमच्या शाळेचं नाव स्पर्धेच्या यादीतून काढून टाकलं, त्याचा मात्र कसलाच वास आला नाही.

सुट्टीनंतर पहिल्या गुरुवारी मी जेवणघरात डोकावलो. झिजलेले लाकडी पट मांडले होते. ह्रेफ्ना मोजा चावत होती.

स्टेनवोरचं आणि स्काप्टीचं कधी काही ठरलं नव्हतं. त्या शरदाआधी तिनं त्याला पाहिलंही नव्हतं. पट चुकीचे छापले होते, म्हणून तिनं ते जाळले.