पाणी न पिणाऱ्या बाया

"जीभ बाहेर काढ."

डॉक्टर म्हणाले. सगळ्या पाहुण्यांसमोर. खालापूरजवळच्या एका आरोग्य रिसॉर्टमध्ये मी साफसफाईला होते. पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे चटईवर बसलेले. मी त्यांना पाण्याचे पेले वाटत होते. कामावरून काढतील या भीतीनं मी जीभ काढली.

"बघा. कोरडी. ओठ फाटलेत. वय असेल तिशीचं, दिसते पन्नाशीची. आजार असा येतो. आळसानं, अज्ञानानं. पाणी फुकट आहे, तेही ही माणसं पीत नाहीत."

पाहुणे हसले. एक बाई जवळ आली, वाकून माझ्या तोंडात बघून गेली. बाजारात बैलाचे दात बघतात तशी. मग हातावर सॅनिटायझर चोळत जागेवर बसली.

आम्ही पाणी पीत नव्हतो, हे खरं. का पीत नव्हतो, ते कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांच्या खोलीखोलीत संडास. घासायचे आम्ही. वापरायला आम्हाला बंदी. कामाच्या बायांनी कुंपणामागच्या झुडपांत जायचं. तिथं ड्रायव्हर लोक सिगारेटी ओढत उभे. म्हणून सकाळी गावात, दहिवलीला, टेंपोत चढल्यापासून घशाखाली थेंब नाही. जे काय प्यायचं ते घरी परतल्यावर.

माझ्याबरोबर भिसेगावची शाहिदा होती. पोटुशी. लघवीला जळजळतं, कंबर धरते, म्हणायची.

"पाणी पी गं."

"पिऊन जाऊ कुठं?"

एका सकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. चादर बदलता बदलता ती खाली बसली. तिथंच लघवी झाली. रक्ताची. मॅनेजर धावत आला.

"आधी गालिचा उचला," म्हणाला.

आधी गालिचा उचलला. मग शाहिदाला. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. "इतके दिवस लघवी का दाबून ठेवत होतीस?" शाहिदा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पोटातलं मूल गेलं. मुलगी होती.

रिसॉर्टनं तिच्या जागी दुसरी बाई आणली.

डॉक्टरांसमोर नवे पाहुणे बसले. डॉक्टरांनी मला बोटानं बोलावलं. "जीभ."

मी तोंड उघडलं नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येतंय. नाय काढणार." मी पाहुण्यांकडं बोट केलं. "आमाला संडासला जाऊ देत नाय तुमी. म्हणून आमी पाणी पीत नाय. शाहिदाचं बाळ त्यानंच गेलं. हे सांगा यांना."

या वेळी कुणी हसलं नाही. एक जण घड्याळ बघून म्हणाला, "डॉक्टर, पुढं चालू करा ना."

मी सरळ पाहुण्यांच्या संडासात गेले. आतून कडी लावली. मॅनेजर दार बडवत होता. "हरामखोर, बाहेर नीघ!" मी घाई केली नाही. हात धुतले. ओंजळ लावून नळाचं पाणी प्याले. पोटभर.

लगेच कामावरून काढलं. नवरा म्हणाला, "गप बसली असतीस तर काय झालं असतं?"

"शाहिदा गप बसली होती," मी म्हटलं.

आता कुठंही काम बघायला गेले की पगाराआधी विचारते, बायकांचा संडास कुठंय? दाखवला नाही तर तिथूनच मागं फिरते. बरोबरच्या बायांनाही फिरवते. त्यातल्या काही माझ्याशी भांडतात, चूल कशी पेटायची म्हणून. माझीही पेटत नाही कधी कधी. नाही पेटली तर नाही. पण दुसऱ्याला धडधाकट ठेवायला आपलं शरीर सडवायचं नाही. एकीनंही नाही.